आत्याचा आंबेमोहर खारेपाटात का रुसला?

खारेपाटकर · ३ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीला लागून. दीड एकर खार आणि डोंगराच्या पायथ्याशी अर्धा एकर गोडी जमीन. खारीत वडिलांनी आयुष्यभर राता लावला. लाल, जाडा तांदूळ. भाकरीला एक नंबर, पेजेला एक नंबर, पण पाहुण्यांच्या पानात वाढायला आईला कायम संकोच. आत्या मुळशी खोऱ्यात दिलेली. तिच्याकडून दिवाळीनंतर आंबेमोहराचं गाठोडं यायचं आणि ते आलं की घरात न सांगता कळायचं.

यंदा मे महिन्यात मी तिच्याकडून दहा किलो बियाणंच उचलून आणलं. आत्या म्हणाली, "ने बाबा, पण तुझ्याकडं तो रुसंल." मी हसलो. मुळशी ते पेण सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. पाऊस दोन्हीकडे बदाबदा. रुसायला काय झालं?

तर रुसला. राब भाजून आवण (लावणीची रोपं) चांगलं उतरलं होतं. अर्धं खारीत लावलं, अर्धं गोड्या जमिनीत. खारीतल्याची वाढ ठीक होती, पण शेवटी लोंब्या ताठच्या ताठ. भरलेली लोंबी मान टाकते, ही टाकेच ना. मुठीत घेऊन चोळली तर तूस उडालं आणि तळहातावर सात-आठ दाणे. बाकी सगळं पळींज, पोकळ. गोड्या जमिनीत दाणा भरला, पण भात छातीएवढा उंच झाला आणि परतीच्या पावसात सगळा झोपला. जो हाती आला तो शिजवला, तर वास म्हणजे शेजारच्या घरात कोणीतरी आंबेमोहर शिजवतंय एवढाच.

बांधाच्या पलीकडे वडिलांचा राता मात्र होता तसा. जमीन तीच, पाणी तेच, लावणारा मीच. मग फरक नक्की कशाचा? बियाण्याचा की मातीचा? आणि एवढ्याशा अंतरात दोन भात एकमेकांपासून इतके वेगळे झाले कसे?

---

टवाळ_कार्टं · ३ डिसेंबर, रात्री १०:०५

आत्याचं न ऐकल्याचा परिणाम. धागा बंद करा.

---

साळीचा_मळा · ३ डिसेंबर, रात्री १०:५२

मी मावळातला, आमच्याकडे अजून थोडा आंबेमोहर असतो. आधी एक सांगा: दोन्हीकडे लावणी कधी झाली आणि निसवला, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, कधी? तारखा असतील तर द्या, अंदाज नको.

---

खारेपाटकर · ४ डिसेंबर, सकाळी ७:१५

आत्याकडे लावणी उशिरा, जुलैच्या मध्यावर. आमच्याकडे २८ जूनला. म्हणजे आम्ही सोळा-सतरा दिवस पुढे. पण गंमत अशी की निसवण दोन्हीकडे दसऱ्याच्या आगेमागेच. मला वाटलं होतं आमचा आधी निसवेल. राता तोवर पिवळा पडायला लागला होता.

---

साळीचा_मळा · ४ डिसेंबर, सकाळी ८:३०

झालं तर मग, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

आंबेमोहर गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा. तुमचा राता त्याच्यापेक्षा बराच हळवा, लवकर पिकणारा. आमच्याकडे म्हातारे म्हणायचे, गरव्याला पेरणीची तारीख कळत नाही, त्याला फक्त दसरा कळतो. जूनमध्ये लावा नाहीतर जुलैमध्ये, तो त्याच्या वेळेलाच पोटरीत येणार, म्हणजे पोटात लोंबी धरणार.

आमच्या खोऱ्यात हे बरोबर बसतं. खाली ओढ्याकाठच्या खाचरांत कार्तिकापर्यंत ओल असते, तिथं गरवा. मधल्या टप्प्याला निमगरवा. वर माळाच्या कडेच्या खाचरांत पाऊस थांबला की आठवड्यात भेगा पडतात, तिथं हळवा. वर गरवा लावलात तर दुधात असताना पाणी तुटतं. खाली हळवा लावलात तर ऐन पावसात पिकतो आणि पाण्यात पडतो. एका गावात, एका घराच्या जमिनीत, हजार पावलांत तीन वेगळे भात. हे कोणी हौसेनं केलेलं नाही, उतारानं करून घेतलंय.

तुमच्या खारीत ऑक्टोबरात काय होतं ते तुम्ही सांगा.

---

खारेपाटकर · ४ डिसेंबर, दुपारी १:१०

आलं लक्षात. ऑक्टोबरात खार वर येते.

ज्यांना खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी: आमची शेती भरतीच्या पातळीच्या आसपासच आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार दाबून बसतं. जून-जुलैच्या पावसानं मातीतला खार धुऊन निघतो, म्हणून तेवढ्या काळात भात जगतो. पाऊस ओसरला की ऊन तापतं, खालचा खार पाण्याबरोबर चढतो आणि वाफ्याच्या कडेला पांढरं मीठ दिसायला लागतं. राता तोवर दाणा भरून मोकळा झालेला असतो. आंबेमोहर बिचारा नेमका तेव्हा फुलोऱ्यात.

आणि बांधाला खांड गेली तर सगळंच संपतं, पण तो वेगळा धागा होईल.

---

पेशीकेंद्र · ४ डिसेंबर, रात्री ११:२०

धागा आवडला. माझं काम वनस्पतींच्या जनुकांवरचं आहे (भात नाही, पण शेजारचंच पीक), म्हणून थोडी भर घालतो.

भात हे मुळात लहान दिवसांचं झाड. आपल्याकडे जूनच्या मध्यावर दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि सप्टेंबरअखेर बारा तासांवर येतो. गरव्या जाती पानांनी हा फरक मोजतात आणि दिवस ठरावीक मर्यादेखाली गेला की मगच फुलोऱ्याचा निरोप शेंड्याकडे पाठवतात. हळव्या जातींत या घड्याळातली एखाददुसरी कळ बिघडलेली किंवा सैल असते, त्या पेरणीपासूनचे दिवस मोजून फुलतात. 'बिघडलेली' हा माझा शब्द, माळावरच्या शेतकऱ्यासाठी तोच उपकार आहे.

आता खाराचं. भाताला मीठ दोन वेळा सर्वांत जास्त बाधतं: कोवळ्या रोपाला आणि फुलोऱ्याला. मधल्या वयात तो बरंच सोसतो. म्हणून खारीतल्या भाताकडे दोन विद्या असाव्या लागतात. एक, खाराच्या तावडीतून वेळेत निसटायची. दुसरी, अंगावर आलेलं मीठ आवरायची. दुसऱ्या विद्येचं एक जनुक २००५ मध्ये सापडलं, बंगालच्या खारीतल्या 'नोना बोकरा' या जुन्या जातीत. मुळातून वर चढणाऱ्या रसातला सोडियम वाटेतच काढून घ्यायचा, पानापर्यंत पोचू द्यायचा नाही, असं त्याचं काम. केरळच्या पोक्काळी भातातही पहिल्या गुणसूत्रावरचा जवळपास तोच भाग कामाला येतो असं आधीच दिसलं होतं.

पण तुमच्या प्रश्नातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 'एवढ्याशा अंतरात दोन भात वेगळे कसे राहिले?' भाताचं फूल सकाळी दहा ते बाराच्या सुमारास उघडतं आणि बहुतेक वेळा उघडता उघडताच स्वतःच्याच परागानं फळतं. पराग काही मिनिटंच जगतो. शेजारच्या झाडाशी संकर शंभरात एखादा, बहुधा त्याहून कमी. त्यात एक भात सप्टेंबरात फुलणार आणि दुसरा ऑक्टोबरात. मग ते एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे असले तरी त्यांच्यात समुद्र आहे असं समजा. डोंगर आडवा यायची गरजच नाही, तारीखच आडवी येते.

---

टवाळ_कार्टं · ४ डिसेंबर, रात्री ११:३४

सकाळी दहा ते बारा. म्हणजे भाताच्या फुलाची वेळ आमच्या बँकेपेक्षा बरी नाही.

---

कुडाळची_माई · ५ डिसेंबर, सकाळी ६:५०

पेशीकेंद्र, छान समजावलंत. पण त्या लाल तांदळाला कोणी 'पाहुण्यांपुढे लाज' म्हणू नका हो. आमच्याकडे पेजेला वालय, आमचा लाल तांदूळ, लागतो, आणि तापातून उठलेल्या माणसाला पांढऱ्या तांदळाची पेज देणाऱ्या घरात मुलगी देऊ नये असं माझी सासू म्हणायची.

एक अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी कापणीच्या तोंडावर सलग पाच दिवस पाऊस. आमचा नव्या जातीचा पांढरा भात उभ्या लोंबीतच रुजला, दाण्यांना हिरवे मोड. शेजारच्या कुणग्यातला जुना लाल भात त्याच पाण्यात आडवा, पण एक दाणा रुजला नाही. वाळवून झोडला, घरात आला. तेव्हा दीर म्हणाले, "ह्याका झोप चांगली लागता." मला ते वाक्य फार आवडलं.

---

पेशीकेंद्र · ५ डिसेंबर, सकाळी ९:०५

माई, दीरांनी एका वाक्यात प्रबंध लिहिलाय. लाल रंगाचं जे जनुक आहे त्याचाच बियाण्याच्या सुप्तावस्थेशी, म्हणजे या झोपेशी संबंध आहे. रानटी भात जवळपास सगळे लाल. माणसानं पांढरा निवडत नेला तेव्हा त्या जनुकातली चौदा अक्षरं गळालेली प्रत पसरली. आज जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळात तीच गळकी प्रत आहे. पांढरेपणाबरोबर झोपही सावध झाली. जिथं कापणी कोरड्या उन्हात होते तिथं चाललं. कोकणात परतीचा पाऊस लाल दाण्याच्या बाजूनं मत देत राहिला.

(सगळ्या लाल जाती गाढ झोपतात असं नाही. झोपेची आणखीही जनुकं आहेत.)

---

हिशेबी · ५ डिसेंबर, दुपारी ३:४५

सगळं गोड आहे, पण मला यात गतकाळाचा मोह दिसतो. जुन्या जाती इतक्या शहाण्या होत्या तर लोकांनी सोडल्या का? माझ्या वडिलांनी एका एकरात आंबेमोहराची अकरा-बारा पोती काढली, मी इंद्रायणीची बावीस काढतो. इंद्रायणी १९८७ ला वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली, आंबेमोहर-१५७ आणि बुटकी आयआर-८ यांच्या संकरातून. वास आंबेमोहराचा, बांधा आयआर-८चा. पडत नाही, खत खाते, पोट भरते. आंबेमोहर आडवा झाला ही त्याच्या उंचीची गोष्ट आहे, भूगोलाची नाही.

खारेपाटकर, खरं सांगा, गोड्या जमिनीत युरिया टाकला होता की नाही?

---

खारेपाटकर · ५ डिसेंबर, दुपारी ४:२०

टाकला होता. दोनदा.

---

हिशेबी · ५ डिसेंबर, दुपारी ४:२२

😀

---

साळीचा_मळा · ५ डिसेंबर, रात्री ८:१०

हिशेबी, उत्पन्नाचं तुमचं बरोबरच आहे. मीही चार खाचरांपैकी तीन इंद्रायणीच लावतो, पोरांच्या फिया आंबेमोहरावर भरत नाहीत. पण उंचीत भूगोल नाही हे पटलं नाही. आमच्या खाली-खोल खाचरांत आषाढात गुडघाभर पाणी दहा-दहा दिवस हलत नाही. तिथं बुटका भात बुडतो, उंच भात डोकं वर काढतो. शिवाय पेंढा. म्हशींना, राबावर टाकायला, बियाण्याचा मुडा बांधायला. उंच भात म्हणजे अर्धं पीक जनावरांचं. म्हशी गेल्या तशी उंचीची गरज गेली, हे मान्य.

---

पेशीकेंद्र · ५ डिसेंबर, रात्री १०:४०

बुडण्यावरून आठवलं. पुराशी झगडायच्या भाताकडे दोन अगदी उलट युक्त्या आहेत. खोल पाण्यातल्या जाती पाण्याबरोबर स्वतःला ताणत नेतात. जिथं पूर महिनोन्महिने राहतो तिथं ते शहाणपणाचं. उलट ओडिशातल्या एका जुन्या जातीत (एफआर-१३ए) वाढ गोठवायची युक्ती आहे: पाण्याखाली गेलं की हातपाय हलवायचे नाहीत, साठवलेली साखर जपायची, पाणी उतरलं की पुन्हा फुटायचं. जिथं पूर दोनेक आठवड्यांत ओसरतो तिथंच हे चालतं. ते जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं आणि २००९ मध्ये लोकप्रिय 'स्वर्णा' जातीत ते घातलेला वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

हिशेबींना यात उत्तर आहे असं मला वाटतं. नवी जात घडवायला लागणारा माल जुन्याच जातींतून येतो, आणि तो माल कुठल्या शिवारात सापडेल हे त्या शिवारातलं संकट ठरवतं.

---

खाजनकाठ · ६ डिसेंबर, सकाळी १०:१५

गोव्यातून देव बरें करूं. आमच्याकडे जमिनीची नावंच हा धागा सांगतात: मोरोड, खेर, खाजन. मोरोड म्हणजे वरचे टप्पे, पाऊस गेला की कोरडे. खेर मधली, रेताड. खाजन म्हणजे तुमची खारच, तुमच्या उघाडीला आम्ही मानस म्हणतो. खाजनात परंपरेनं कोरगुट. उंच, कुसळांचा, उत्पन्न कमी, पण मिठाला भीत नाही. ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेनं या कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान'चे पहिले वाण काढले. म्हणजे बाहेरून काही आणलं नाही, त्याच गर्दीतून चांगली माणसं निवडली.

खारेपाटकर, तुमच्या राताला कुसळं आहेत का? आमच्या आजोबांच्या मते कुसळं असलेल्या भाताला डुकरं कमी तोंड लावतात.

---

खारेपाटकर · ६ डिसेंबर, दुपारी १२:३०

काही लोंब्यांना आहेत, काहींना नाहीत. मी ते भेसळ समजत होतो.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानंही स्थानिक रात्यांतून निवडी केल्यात, काळा राता आणि भुरा राता अशी नावं मी ऐकलीत. आमचा यातला कुठला, की तिसराच, कोणास ठाऊक.

---

पेशीकेंद्र · ६ डिसेंबर, दुपारी २:००

भेसळ म्हणू नका. जुनी जात म्हणजे एक जात नसतेच, ती वाडी असते. स्वतःच फळणारं पीक असल्यामुळे प्रत्येक झाडाचा वंश सरळ रेषेत पुढे जातो, आणि तुमच्या कणगीत असे पन्नास वंश शेजारी नांदत असतात. एका वर्षी खार जास्त चढली तर त्यातले काही पुढे सरकतात, दुसऱ्या वर्षी पाऊस जास्त झाला तर दुसरे. कंपनीच्या पिशवीतलं बियाणं एका वंशाचं असतं. ते एकतर सगळं उभं राहतं नाहीतर सगळं झोपतं.

नावांचंही तसंच. दोन गावांतला 'राता' एक असेलच असं नाही, आणि दोन वेगळ्या नावांचा भात एकच निघू शकतो. २०१८ मध्ये ८९ देशांतल्या ३,०१० भातांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथंही गट पडले ते नावांवरून नाही. त्यात बासमतीचा गट तर आपल्या नेहमीच्या इंडिका भातांपेक्षा जपानकडच्या जापोनिका गटाला जवळचा आहे.

---

सापोरोकर · ६ डिसेंबर, रात्री ९:१५ (तुमची संध्याकाळ)

जपानचं नाव निघालं म्हणून. इथं होक्काइदोत, ४३ अंश उत्तरेला, भात पिकतो! उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांवर जातो. आपला गरवा इथं लावला तर लहान दिवसांची वाट बघत बसेल आणि बर्फ आधी येईल. इथल्या जातींनी ते घड्याळ पूर्ण टाकून दिलंय, उबेचे चार महिने मिळाले की उरकतात. माझी बायको याला 'हळव्यातला हळवा' म्हणते.

---

तलावकाठ · ७ डिसेंबर, सकाळी ११:००

कोकण-मावळ झालं, आता जरा पूर्वेकडे बघा. मी भंडारा जिल्ह्यातला. महाराष्ट्रात भात म्हटलं की लोकांना डोंगर आणि धो-धो पाऊस आठवतो, आमच्याकडे दोन्ही नाही. आमच्याकडे तलाव आहेत. कोहळी समाजानं आणि इतरांनी बांधलेले हजारो तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव म्हणतात. तलावाच्या पोटाखालच्या बांध्यांना (खाचरांना) पाणी शेवटपर्यंत, तिथं भारी धान. लांबच्या बांध्यांना आकाशाचंच पाणी, तिथं हलका धान. तुमचं हळवा-गरवा, आमचं हलका-भारी. उतार तुमच्याकडे देवानं केला, आमच्याकडे माणसानं.

त्यात माती: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. कन्हार काळी, ओल धरते. बरडी मुरमाड, पाणी टिकत नाही. रोवणा (रोपांची लावणी) करायचा की आवत्या टाकायचा हेही त्यावरच ठरायचं. आवत्यात, म्हणजे सरळ पेरलेल्या धानात, जो तणाच्या आधी डोकं वर काढतो तोच टिकतो. म्हणून तिथल्या जाती सुरुवातीला जोरात धावणाऱ्या.

आणि एक गोष्ट कोणी काढली नाही: पसई. तलावाच्या काठाला आपोआप उगवणारा रानभात, लांब कुसळांचा, पिकला की दाणा पाण्यात झडून जातो. नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नसतं त्या उपासाला, ऋषिपंचमीला, आमच्याकडे हाच लागतो. आई पहाटे टोपली घेऊन जायची. लोंबी वाकवून टोपलीत झटकायची, कापायची नाही. मूठभर दाण्याला तासभर. हा नुसता उपासाचा भात नाही, धानाचा आजा आहे आणि बांधीला लागून उभा आहे.

---

पेशीकेंद्र · ७ डिसेंबर, दुपारी १:३५

तलावकाठ, दंडवत. रानटी भात लागवडीच्या भातापेक्षा जास्त परपरागी असतो, त्यामुळे दोघांत थोडीफार देवाणघेवाण चालू राहते. छत्तीसगडात अशा संकरातून शेतात घुसणाऱ्या तणाला करगा म्हणतात. तो कोवळेपणी धानापासून ओळखूच येत नाही. म्हणून तिथं जांभळ्या पानांचं धान लावायची युक्ती काढली गेली, हिरवं दिसेल ते उपटायचं. छत्तीसगडच्या जुन्या धानांचा जो संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे तो वीस हजारांवर नमुन्यांचा, त्याचा पाया भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांनी घातला. एका प्रदेशातून वीस हजार! नावं पुन्हा पुन्हा येत असतील हे धरलं तरी.

---

कुडाळची_माई · ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

वासाचं राहिलंच की. खारेपाटकरांचा आंबेमोहर गोड्या जमिनीत भरला, मग वास कुठे गेला?

---

साळीचा_मळा · ७ डिसेंबर, रात्री ९:००

माई, आमच्याकडे आंबेमोहर निसवला की सकाळी बांधावर उभं राहिलं तरी वास येतो. पान चुरगळून नाकाला लावलं तरी येतो. भाताचं पिल्लू असतानाही. मुळशीच्या आंबेमोहराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास आजऱ्याच्या घनसाळलाही. दोन्ही घाटावरचे, दोन्हीकडे दाणा भरताना रात्री गार. माझी समजूत: गार रात्र लागते.

---

पेशीकेंद्र · ७ डिसेंबर, रात्री ११:१०

समजूत बरोबर आहे. या वासाचा मुख्य पदार्थ एकच, बासमतीत तोच, आंबेमोहरात तोच, आणि आपण भातात टाकतो त्या आंबेमोहर पातीतही तोच (तिचं कुळ केवड्याचं, भाताशी नातं नाही). भाताच्या बहुतेक साध्या जातींत एक जनुक त्या पदार्थाचा कच्चा माल दुसरीकडे वळवून टाकतं. सुवासिक जातींत ते जनुक मोडकं असतं, म्हणून कच्चा माल साठतो आणि वास तयार होतो. ही मोड बियाण्यात आहे, ती पेणला आली म्हणून दुरुस्त होत नाही.

पण किती वास तयार होतो आणि किती टिकतो हे हवेवर आहे. दाणा भरताना गारवा असेल तर जास्त, उष्ण रात्री असतील तर कमी. ऑक्टोबरात खाडीकाठची रात्र आणि मुळशीची रात्र यांत बराच फरक पडतो. वर भात आडवा झाला, भिजला, मग तुम्ही तो कडक उन्हात वाळवला असणार. तिथंही वास उडतो.

म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: पळींज झालं ते बियाण्यातल्या घड्याळामुळे, वास गेला तो हवेमुळे, आणि झोपला तो युरियामुळे. खात्री करायची असेल तर उलटा प्रयोग करा. राता आत्याकडे पाठवा. दोन्ही बियाणी दोन्ही ठिकाणी असली की बियाणं किती आणि जागा किती ते दिसतं. एकाच बाजूनं पाहून कळत नाही.

---

खारेपाटकर · ८ डिसेंबर, सकाळी ८:००

मंजूर. आत्याला फोन केला. "लाल भात? लोक हसतील," म्हणाली. मग म्हणाली, "पाठव दोन किलो."

एक जाणवलं. पराग काही मिनिटं जगतो म्हणालात, मग हा भात फिरला कसा? आमच्या गावात पाटणी आहे, कोलम आहे, एका घरात तर पंचवीस वर्षांपूर्वी आलेला 'टायचून' नावाचा भात आहे. आईला विचारलं तर एकेका भाताचा पत्ता तिच्याकडे आहे: हा थोरल्या काकूच्या माहेरचा, हा बाजारात मीठ देऊन आणलेला, हा व्याह्यांनी दिलेला. घाटावरून खाली यायला भाताला वारा लागला नाही, आत्या लागली.

---

तलावकाठ · ८ डिसेंबर, सकाळी ९:४०

हे भारी. आणि उलटही. नातं जिथं होत नाही तिथं बियाणंही जात नाही. एकाच तलावाखाली दोन वस्त्यांत वेगळे धान मी पाहिलेत.

---

हिशेबी · ८ डिसेंबर, सकाळी १०:०५

आता मुली नोकरीला पुण्या-मुंबईला जातात आणि बियाणं पिशवीतून येतं. म्हणून नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेऱ्यांसारख्या बाईला घरात बियाण्याची बँक मांडावी लागते आणि २०२० मध्ये तिला पद्मश्री मिळते. पूर्वी प्रत्येक घरात ते होतं, तेव्हा कोणाला पुरस्कार नव्हता. (हो, मीच लिहितोय हे. इंद्रायणी सोडणार नाही, पण वरच्या खाचरात दोन गुंठे बापाचा भात लावेन म्हणतो.)

---

टवाळ_कार्टं · ८ डिसेंबर, सकाळी १०:०७

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

खारेपाटकर · २३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतोय. वर्षभरानं हिशेब द्यायला आलोय.

आंबेमोहर या वेळी फक्त गोड्या जमिनीत, आठ ओळी, युरिया शून्य. पेरणी मुद्दाम दोन हप्त्यांत केली, एकवीस दिवसांच्या अंतरानं. पहिला हप्ता निसवला ५ ऑक्टोबरला, दुसरा ९ ला. एकवीस दिवसांचे चार उरले. वही समोर ठेवूनच लिहितोय. भात वाकला, पण झोपला नाही. सावलीत वाळवला. वास गेल्या वर्षीपेक्षा बरा, आत्याच्या घरच्यापेक्षा कमीच. आई म्हणते, "आता शेजारच्या नाही, आपल्याच घरात शिजतोय, पण दार लावून."

राता खारीत नेहमीसारखा. या वेळी कुसळांच्या आणि बिनकुसळांच्या लोंब्या वेगळ्या काढल्यात, दोन मडक्यांत.

आता मुळशीची बातमी. आत्यानं राता घरामागच्या खाचरात लावला. जोरात वाढला, सप्टेंबरात निसवला, दसऱ्यापर्यंत पिकायला लागला. अख्ख्या खोऱ्यात त्या वेळी पिकलेला भात फक्त तिचा! बाकी सगळीकडे हिरवंगार, गरवा अजून पोटरीत. आजूबाजूच्या यच्चयावत चिमण्या, मुनिया आणि पोपट त्या दोन गुंठ्यांवर उतरले. आत्यानं डबा वाजवला, जुनी साडी बांधली, नातवाला बसवलं. चार दिवसांत पेंढा उरला.

फोनवर मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "म्हणून आमच्याकडं सगळे एकदमच गरवा लावतात व्हय. मला आत्ता कळलं. सासूनं नुसतं लाव म्हणून सांगितलेलं."

साडीच्या आडोशानं अकरा लोंब्या वाचल्या. त्या तिनं चुलीवरच्या दांडीला टांगल्यात, धुरात. पुढच्या वर्षी पंधरा दिवस उशिरा पेरून बघते म्हणाली.

---

पेशीकेंद्र · २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आत्यांना विचारा, त्या अकरांतल्या किती कुसळांच्या आहेत?

---

खारेपाटकर · २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

विचारलं. नऊ.